दहा ते अकरा, फोन एंगेज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगायची हिंमत झाली नाही, आणि आता ती नाही. दादाला तर सांगायला दोनदा समोर बसलो, आणि दोन्ही वेळा ऊसतोडीवर बोलून उठलो. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाहीये. पण बसलोच आहे, तर —

कुठून धरू? गेमपासून धरतो.

नव्व्याण्णव साली मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. वय बावीस. आमचं गाव रहिमतपूरजवळ, घरटी एक तरी माणूस फौजेत. आमचे वडील, आबा, सिग्नलमधून हवालदार होऊन रिटायर झालेले; सगळी नोकरी निरोप घेण्यात आणि पुढे पाठवण्यात गेली. थोरला भाऊ, म्हणजे दादा, नाईक. राहिलो मी. भरतीला दोनदा गेलो, दोन्ही वेळा छाती कमी भरली. तिसऱ्यांदा गेलोच नाही. घरी कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

क्लासच्या एका मशीनवर कोणीतरी सीडीवरून लढाईचा गेम टाकला होता. पडद्यावर आपल्या बंदुकीची नळी तेवढी दिसायची, आणि पुढे मोकळी वाट. मशीनविरुद्ध एकट्याने खेळताना मी बरा होतो. मग नेट आलं आणि परदेशातल्या पोरांशी खेळायला लागलो. आमची लाईन इतकी रेंगाळायची की मी गोळी झाडेपर्यंत समोरचा मला मारून पुढे गेलेला असायचा. तरी खेळायचो. तिथे एक नाव द्यावं लागायचं. मी दिलं होतं — नाईक. भावाची रँक. काय म्हणाल याला? मजा यायची असंही नाही. काहीच वाटायचं नाही, आणि मला तेच हवं असायचं. मरायचं, थोडं थांबायचं, परत उभं राहायचं.

त्या जूनमध्ये कारगिलची लढाई चालू होती आणि दादा वर होता. त्याच महिन्यात आबांचं पोटाचं दुखणं वाढलं, म्हणून त्यांना सांगलीला आणलं. दवाखाना माझ्या क्लाससमोरच, गल्ली ओलांडली की आला. मंगळवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जोखीम आहे, आधी सगळ्यांना भेटवून घ्या. म्हणजे मला माहीत होतं. पुढचं ऐकताना हे विसरू नका — मला माहीत होतं.

गुरुवारी क्लासवर दादाचा फोन आला. नुसती खरखर. ऑपरेशनचं ऐकून त्याने वार विचारून घेतला. मग म्हणाला, "रविवारी मला खाली बेसवर लाईन मिळंल. धा ते अकरा. आबांस्नी आणून बसव फोनपाशी. एवढं कर रं."

व्हय म्हणालो.

रविवारी क्लास बंद, किल्ली माझ्याकडे. आबा सकाळी आठपासून दाढी करून, टोपी घालून खाटेवर बसले होते. मी गेलो तर म्हणाले, "चल, आत्ताच जाऊन बसू. सिग्नलचा मानूस येळंच्या आदी हजर पायजे." क्लासला तीन पायऱ्या होत्या. तीनच. एका बाजूने आई धरणार होती. मी म्हणालो, "उगाच दमाल आबा. फोन आला की मी पळत येतो, तोवर दादा थांबेल लाईनवर." फौजेच्या लाईनवर कोणी थांबत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी ते एवढंच म्हणाले, "तू म्हनशील तसं."

त्यांच्या दमण्याची मला काळजी होती का? नव्हती. ते शेजारी येऊन बसले असते तर मला खेळता आलं नसतं. कारण एवढंच. याहून मोठं काही सापडतं का ते मी इतकी वर्षं शोधतोय. सापडत नाही.

आता एक गोष्ट, जी मी स्वतः पोरांना फळ्यावर काढून शिकवायचो. मोडेम आणि फोन एकाच वायरीवर चालतात. नेट चालू असेल तर बाहेरून फोन लागत नाही, एंगेज येतो. मी सव्वानऊला नेट लावलं. दहाला पाच कमी असताना बंद करायचं, असं ठरवून.

बर्फाचा डोंगर होता त्या दिवशी गेममध्ये. त्या वेळात मी नऊ वेळा मेलो आणि चौघांना मारलं, हे मला अजून पाठ आहे. आणि — हे सांगायला नको वाटतंय — भिंतीवरचं घड्याळ मी एकदा पाहिलं. दहा वीस झाले होते. पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळलो. म्हटलं, एवढा डाव होऊ दे. भान राहिलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. भान होतं.

सव्वाअकराला नेट बंद केलं. रिसीव्हर उचलून कानाला लावला. डायल टोन स्वच्छ येत होता.

दवाखान्यात आबांच्या डोक्यावर अजून टोपी होती. आई म्हणाली, "आला व्हय रं फोन?" मी म्हणालो, आला. मिनिटभरच लागला, तुम्हाला बोलवायच्या आत तुटला.

एवढ्यावर भागलं असतं. पण आबांनी केसपेपर उलटा केला आणि पेन्सिल मागितली. "टाइम सांग." माझ्या तोंडून निघालं, दहा वीस. "आता मेसेज. तुझं न्हाई, त्येचं शब्द सांग." मग मी दादाचे शब्द बनवले. "मी ठीक हाय. तुमी घाबरू नका. ऑपरेशन झालं की सुट्टी काढून येतो, तवर आईला संभाळा." आबांनी ते एकेक शब्द करत लिहिलं. लिहिलेला निरोप देणाऱ्याकडून परत वदवून ताडून घ्यायचा, ही त्यांची नोकरीतली सवय. मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हणालो, एक अक्षर इकडचं तिकडं न होता. "करेक्ट," ते म्हणाले आणि खाली सही केली. मग टोपी काढून उशाशी ठेवली आणि आडवे झाले.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी आबा गेले. दादाला येता आलं नाही. अग्नी मी दिला. रडलो नाही. लोक म्हणाले, पोरगा घट्ट आहे. घट्ट कसला? आत काही हलतच नव्हतं. तेरावा करून सांगलीला आलो आणि त्याच दुपारी मशीन चालू केलं.

दादा ऑगस्टच्या शेवटी आला. जेवणं झाल्यावर आईने ट्रंकेतून तो कागद काढून त्याच्या हातात दिला. "तुझं बोलनं त्येंनी उशाला ठिवलं हुतं. लय समाधान वाटलं बग त्येंना." दादाने कागद वाचला. वेळ वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. दहा वीसला आपण कुठे होतो, कानात काय वाजत होतं, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? मी खाली बघत राहिलो.

"व्हय," तो आईला म्हणाला, "असंच बोललो हुतो."

संध्याकाळी मळ्याकडे जाताना त्याने विचारलं. रागाने नाही. "समदा येळ एंगेज लागत हुता. मागं रांग लागल्याली, तरी परत परत लावला. कोन बोलत हुतं रं?"

सांगायची वेळ होती ती. आम्ही दोघंच, वाट रिकामी. आणि मी म्हणालो, क्लासच्या मालकांची मुलगी. तिचं लग्न ठरलंय, नवऱ्या मुलाशी बोलत बसली होती, मला उठवता येईना.

मालकांना मुलगीच नव्हती.

दादाने वाटेतला एक दगड पायाने बाजूला सारला. मग म्हणाला, "असू दे. नवी सोयरीक. तिला काय म्हाईत, हितं कोन रांगंत हुबं हाय." आणि थोडं पुढे गेल्यावर, "आबांस्नी माज्या नावानं बोललास, ते लय ब्येस केलंस गड्या." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

दादा आता रिटायर होऊन गावातच असतो. गेल्या महिन्यात अंगणात बसलो होतो, तेव्हा त्याने सहज विचारलं, "तुज्या मालकाची ती पोरगी, तिचं बरं चाललंय न्हवं?"

बरं चाललंय, मी म्हणालो. दोन मुलं आहेत तिला.