व्हेरा पान फुटू देत नाही

व्हेरा कोवालिशिनशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या यॉर्कटन गावात मी तरी पाहिलेला नाही. तिच्या नवऱ्याने तो नाद लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सोडला, असं ती स्वतःच सांगते. आमच्या कारखान्यात धान्य कोठीत चढवणारे ऑगर बनतात. म्हणजे लांबलचक नळी आणि तिच्या पोटात ट्रॅक्टरच्या जोरावर गरगरणारा स्क्रू. त्यांची माहितीपुस्तकं व्हेरा लिहायची, चित्रं मी काढायचो.

लिहायची म्हणजे काय, तर ही पायरी, हा धोक्याचा इशारा, हे चित्र, अशा खुणा करत नुसता मजकूर भरायची. तो कागदावर कसा दिसेल, ठळक काय, पान कुठे तुटेल, हे स्टाइलशीट नावाची वेगळी फाइल ठरवते. ती बाहेरून तयार येते. तिला हात लावायचा नाही, वर आपला थर चढवायचा आणि हवं तेवढंच बदलायचं, हे आमच्या धंद्यातलं सोवळं. त्याहून कडक दुसरं: मजकुराला कागदाची वार्ताही नसावी, पान कुठे तुटेल हे मनात धरून लिहायचं नाही. हे व्हेराने प्रत्येक नव्या माणसाच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

तिच्या थरातल्या एका गोष्टीवर तिचा जीव होता. इशारा आणि त्याची पायरी एकाच पानावर. मावत नसेल तर दोघांनी मिळून पुढच्या पानावर जायचं, मागे अर्धं पान कोरं राहिलं तरी बेहत्तर. कारण आमच्याकडचा शेतकरी पुस्तक वाचत नाही. हवं ते पान टरकावतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालतो आणि कपड्यांच्या चिमट्याने ऑगरला लटकवतो. व्हेराच्या भावाने, ओरेस्टने, असंच पान टरकावलं होतं, दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या पुस्तकातलं. झाकण काढायची पायरी त्याच्या पानावर होती. ट्रॅक्टर आधी बंद करा, हा इशारा शेजारच्या डाव्या पानावर होता, तो पुस्तकातच राहिला. ओरेस्टची तीन बोटं गेली.

मग कारखाना विकला गेला आणि नव्या मालकांनी ग्रँट हॅलोरन नावाचा तरुण साहेब पाठवला. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "सगळ्या कारखान्यांना आता एकच स्टाइलशीट. इथले तिथले थर पुसून टाकायचे. अर्धी कोरी पानं छापायची म्हणजे काय चैन आहे?"

"माझा थर पुसलास तर इशारे पायऱ्यांपासून तुटतील," व्हेरा म्हणाली.

"पण पुस्तकात असतीलच ना? वकिलांना तेवढं पुरतं."

"तुझे वकील ऑगरमध्ये हात घालतात का रे?"

मी ओरेस्टचं नाव काढणार, तोच टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ बसली. बाहेर आल्यावर ती माझ्यावरच उखडली. "माझ्या भावाच्या बोटांचं भांडवल करायचं नाही. न्याय मागायला बोटं कशाला दाखवायची?"

थर पुसला गेला. मला इतका संताप आला की राजीनामा ग्रँटच्या तोंडावर फेक, असं मी तिला म्हणालो.

"म्हणजे त्याने माझ्या निरोपाचा केक कापायचा आणि मी टाळ्या वाजवायच्या? जा, चित्रं काढ."

त्यानंतर ती खाली मान घालून टायपत राहिली. डब्यातले पेरोगी, बटाटा भरून उकडलेल्या करंज्याच त्या, गार व्हायचे, कांद्याच्या वासाने आम्हीच कासावीस. काय चाललंय ते नवं पुस्तक तपासायला आलं तेव्हा कळलं. इशाऱ्याची चौकट होती तिथेच होती, कायद्याने ती लागतेच. पण आता प्रत्येक धोक्याच्या पायरीची सुरुवातच अशी होती: ट्रॅक्टर बंद करा. किल्ली काढून खिशात घाला. मग झाकण उघडा. पान कुठेही फुटो, कुणीही टरकावो, इशारा पायरीच्या पोटातच होता.

"मजकुराला कागदाची वार्ता नको म्हणायचीस ना?" मी चिडवलं.

"म्हणायचे. बाटले मी. प्रायश्चित्त सांग."

ग्रँट लालबुंद होऊन आला. "एकच गोष्ट दोनदोनदा! व्हेरा, ही वाक्यं काढा."

"नाही काढणार."

"मग मी दुसऱ्या कुणाला सांगतो."

"सांग की. पण हा थर नाही बाबा, एका बटणावर जायला. तो पुसला तेव्हा कुणाचाच हात दिसला नाही. मजकुरातलं वाक्य ज्याने काढलं त्याचं नाव फाइलीच्या नोंदीत कायम राहतं." ती उठली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बैस. 'ट्रॅक्टर बंद करा' हे तुझ्या नावाने पूस. ते झालं की पुढचं दाखवते."

ग्रँट बसला, खरंच बसला. माउसवर हात ठेवला, वाक्य ओठांतल्या ओठांत वाचलं. मग माझ्याकडे वळला. "तू पुसतोस?"

"माझं काम चित्रांचं," मी म्हणालो आणि दोन्ही हात खिशात घातले.

त्याने हात काढून घेतला. "असू द्या मग."

व्हेरा हलली नाही. "असू द्या नाही. ठेवा म्हण."

"ठेवा," ग्रँट म्हणाला.