शेकाची मात्रा आणि माझ्या दोन चिठ्ठ्या

मी लबाड भक्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर कोशाच्या रेशमी साड्या विणल्या, पण स्वतःचं दुखणं वर्षभर लपवलं. शौचावाटे रक्त जायचं. मूळव्याध समजून एकाचा लेप लावला, दुसऱ्याचं चूर्ण खाल्लं आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून एका कुल्ल्यावर बसून विणत राहिलो. शेवटी बायकोने ओढत नागपूरला नेलं. गुदद्वाराचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, पसरलेली नाही. केमोसोबत शेक, म्हणजे किरणोपचार, दिला तर बहुधा ऑपरेशन लागणार नाही. प्रश्न शेकाच्या मात्रेचा होता. नेहमीची द्यावी, की थोडी कमी? जास्त मात्रेने कातडी अधिक भाजते, मळ धरून ठेवणारा स्नायू कायमचा ढिला पडू शकतो, मग मागावर बसणं अवघड. कमी पडली तर गाठ परत येण्याची भीती. "विचार करून सांगा," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे अडलेला निर्णय गावदेवी माता मायपुढे चिठ्ठ्या टाकून घेतात. एकीवर 'जास्त', दुसरीवर 'कमी' लिहायचं होतं. गाठ परत येईल या भीतीपोटी मी दोन्हींवर 'जास्त' लिहिलं. पुजाऱ्याने एक उचलली. 'जास्त'! मी थाटात नारळ फोडला. पायरीवर पडलेली दुसरी चिठ्ठी बायकोने उघडली.

"अवो, दोन्हीवर जास्तच? मातेले बी फसवून राहिले का तुमी?"

"फसवलं नाही, तिले मदत केली," मी म्हणालो. त्या दिवशी माझ्या वरणात मीठही जास्तच पडलं.

'जास्त' सांगायला दवाखान्यात गेलो. बाकावर शेजारी एकोडी गावची एक म्हातारी होती, बहिणीला घेऊन आलेली. कुठं दुखतं, तिने विचारलं. "पोटात," मी म्हणालो.

"पोटात असते तं असा वाकडा काहून बसला, भाऊ?"

कित्येक महिन्यांनी मी हसलो आणि सगळं ओकलो, चिठ्ठ्यांसकट. ती कोशे उकळून सूत काढणारी निघाली.

"कोशे कमी शिजले तं धागा सुटत नाही, जास्त शिजले तं सूतच तुटते. मंग आच कोण ठरवते? साडी नेसणारी? भट्टीजवळ बसते तोच ठरवते. तू तं कोसा हायेस, गुमान पडून राह्य!"

एवढ्यात बहिणीचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. नंतर शेकाला जाताना रोज शोधली, दिसली नाही. बायको म्हणते, मातेनेच पाठवली. मी वाद घालत नाही. देवाला फसवताना पकडला गेलेल्या माणसाने गप्प बसावं.

आत जाऊन म्हणालो, "मॅडम, मात्रा तुमीच ठरवा. मले फक्त मागावर बसता आलं पाहिजे."

"हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. सहकाऱ्यांशी बोलून त्यांनी थोडी कमी मात्रा ठरवली आणि तपासण्या वाढवल्या. जी चिठ्ठी लिहायला मी घाबरलो, तीच नेमकी माझ्या वाट्याला आली. तरी "बरं" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला बिनशर्त "बरं" म्हणालो असेन; बायकोचा साक्षीपुरावा आहे.

कातडी भाजलीच. कोमट पाण्याच्या टबात मी म्हशीसारखा बसून राहायचो. पण एकही शेक चुकवला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. गाठ विरली. तपासण्या सुरू आहेत. पुन्हा मागावर नीट बसून विणलेली पहिली साडी मातेला नेसवली, तेव्हा पुजाऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं, "कायचा कॅन्सर होता गा?"

"गुदद्वाराचा," मी खणखणीत आवाजात सांगितलं. बायकोने पदर तोंडाला लावला, पण मान माझ्यासारखीच ताठ होती.

पायऱ्या उतरताना एक ओळखीचा विणकर मागून आला. इकडेतिकडे पाहत कुजबुजला, "दादा, मले बी रक्त जाते..."

मातेने माझी भीती घेतली होती. आता लाजही कामाला लावली. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "उद्या सकाळच्या बसने निघू. मी येतो संगं."