दोनशे चार नंबरचा केर

मी आमची वाडी सोडली त्या सकाळी शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरच्या स्टँडवर एसटी एका अंगाला कलली होती, आणि ती माझ्या सामानानं कलली होती. तांदळाचं पोतं, नाचणीचं पीठ, लोणच्याच्या दोन बरण्या आणि एक वरवंटा. पाटा चढवायला कंडक्टरनं साफ नकार दिला, म्हणून नुसता वरवंटा.

"मावशी, कोल्हापुरात तांदूळ मिळत्यात की," कंडक्टर म्हणाला.

"मिळत असत्याल. पर भात आमच्या तांदळाचाच हुतोय," आई म्हणाली.

कंडक्टरनं पोतं आत सरकवलं. आईपुढं तहसीलदारसुद्धा गप्प बसलेला मी पाहिलाय. म्हणजे पाहिला नाही, पण समोर आला असता तर बसलाच असता.

वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. बारावीनंतर दोन वर्षं मी चिखलात वाकून भात लावला. मग कोल्हापुरातल्या एका हॉटेलात साफसफाईला बायका पाहिजेत असं कळलं आणि मी निघाले. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "पोचलीस की लगीच फोन कर. मला केर काढायचाय."

तुमच्यातले जे गाव सोडून लांब गेलेत त्यांना आठवत असेल. आपल्याकडं घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. माणूस गेल्या गेल्या झाडायचं ते मयत उचलल्यावर. त्या दिवशी आमची एसटी वाटेत बांबवड्यात बंद पडली, मी दुपारी पोचले, आणि तोवर आमच्या घरात केर उंबऱ्याच्या वर आला होता असं आई आजही सांगते.

हॉटेल म्हणजे तीन मजले, चाळीस खोल्या. पहिल्या दिवशी मी चादर घालताना गादीवर हात टेकला तर कोपरापर्यंत आत गेला. मॅनेजरसाहेब बेळगावचे. गिऱ्हाईक म्हणायचं नाही, गेस्ट म्हणायचं, हा त्यांचा पहिला नियम. गेस्ट गेल्यापासून पंचवीस मिनिटांत खोली चकाचक, हा दुसरा. माझ्यासोबतची राजश्री, पेठ वडगावची, अकरा मिनिटांत खोली काढायची. गेस्ट बूट घालत असतानाच ही त्याच्या बुडाखालची चादर ओढायची.

माझं घोडं अडलं ते केरापाशी. गेस्टची गाडी अजून गेटात, आणि मी त्याच्या पाठीवर झाडू मारू? हातच उचलायचा नाही. मग मी आधी बाथरूम घासायची, आरसा पुसायची, टॉवेल मोजायची, चादर बदलायची, आरसा पुन्हा पुसायची. पुण्याचा पाहुणा असेल तर मनात हिशेब करायची, निदान किणीच्या टोलनाक्यापर्यंत तरी पोचू दे बापड्याला. मग केर. पंचवीसची चाळीस मिनिटं व्हायची.

"सुरेखा, तुला खोली दिलीय की वाडा?" साहेब ओरडायचे. कारण सांगायची मला लाज वाटायची. गावाकडची अडाणी म्हणतील म्हणून मी रोज नवी सबब काढायची. एकदा तर दोनशे सातमध्ये साप निघाला म्हणून सांगितलं. साहेब आठवडाभर त्या खोलीत पाय आपटत शिरायचे.

इकडं आई फोनवर रोज विचारायची, "आनी किती दिस लोकांची घाण काढणार?" एकदा ऐन दमलेली असताना तोंडातून सुटलं, "आता कुठं झाडते? सुपरवायझर झाले की मी!"

पलीकडून आई अशी ओरडली की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. त्याच संध्याकाळी तिनं वाडीभर साखर वाटली. वर म्हणाली, "चैत्रात जोतिबाच्या यात्रेला येते, तवा तुझं हाटेल बघूनच जाते."

आता आली का पंचाईत! सुपरवायझरची जागा खरोखर रिकामी होती, पण ती राजश्रीची हे पार्किंगमधल्या कुत्र्यालाही माहीत होतं. आणि मी? मला काढून टाकायचं चाललं होतं. आई येणार, तिला माझ्या हातात झाडू दिसणार, किंवा मी हॉटेलातच दिसणार नाही. दोन्हींतलं वाईट कोणतं ते मला ठरवता येईना.

फाल्गुनातली लग्नसराई. दोनशे चारमध्ये एक आजोबा आपल्या कुटुंबासह उतरले होते, नातवाच्या लग्नाला. सकाळी सगळे खोली सोडून कार्यालयाकडं निघून गेले. मी नेहमीप्रमाणे आरसा तिसऱ्यांदा पुसत होते, झाडू कोपऱ्यात उभा. तेवढ्यात साहेब दारात.

"पस्तीस मिनिटं! खाली नवा गेस्ट सोफ्यावर बसलाय. सुरेखा, उद्यापासून येऊ नकोस."

माझ्या डोळ्यापुढं आई उभी राहिली, साखरेचा डबा हातात घेऊन. इतक्यात रिसेप्शनवरची मुलगी जिना चढून धापा टाकत आली. "सर, दोनशे चारचा फोन. आजोबांची कवळी राहिलीय! मंगलाष्टकं त्यांनाच म्हणायचीयत, अर्ध्या तासावर मुहूर्त!"

साहेबांचा चेहरा पडला. त्या सकाळच्या सगळ्या झाडलेल्या खोल्यांचा कचरा घेऊन घंटागाडी केव्हाच गेली होती. मी पलंगाखाली आडवी झाले. मागच्या पायाशी कागदी रुमालाची चुरगळलेली पुरचुंडी. उघडली तर आत बत्तीसच्या बत्तीस हसत होते. राजश्रीनं ती पुरचुंडी एका फटकाऱ्यात सुपात घेतली असती, आणि तिची चूकही नव्हती. कुणालाही कचराच वाटला असता.

कवळी रिक्षानं रवाना झाली. साहेब माझ्याकडं वळले. "तू केर का काढला नव्हतास?"

खरं कारण ओठावर आलं होतं. ते गिळलं. "साहेब, चादर झटकली की धूळ खाली बसती. म्हणून केर शेवटी. नि झाडायच्या आधी पलंगाखाली वाकून बघायचं. ही पद्धत हाय."

"कुठं शिकलीस?"

"आमच्या शाहूवाडीला."

"व्हय गं, शाहूवाडीत काय पंचतारांकित हाटेलं हायत व्हय?" दारातून राजश्री. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पद्धत बरोबर आहे. पण चाळीस मिनिटं चालणार नाहीत. महिन्याभरात सगळ्याजणींना शिकव, आणि पंचवीस मिनिटांत करून दाखव. मग सुपरवायझरचं बघू."

तो महिना मी चालले नाही, पळाले. चपलांचे तीन जोड झिजवले. दोन चादरी एका झटक्यात ओढायला राजश्रीकडूनच शिकले, तिला पलंगाखाली वाकायला शिकवलं. ती वाकताना शिव्या द्यायची आणि मी त्या पद्धतीतच धरायची. पुढं पलंगांखालून दोन अंगठ्या, एक पासपोर्ट आणि एका नवरदेवाचा फेटा निघाला. महिन्याच्या शेवटी साहेबांनी माझ्या छातीवर पट्टी लावली. सुपरवायझर. यात्रेला चारच दिवस उरले होते.

आई आली ती कपाळभर गुलाल घेऊन. साहेब स्वतः उठून म्हणाले, "तुमची मुलगी आमची सुपरवायझर." मी तिला मजले दाखवले, कपाटावर बोट फिरवून धूळ कशी बघते ते दाखवलं. एका रिकाम्या खोलीत ती गादीवर हलकेच टेकली, आणि मला राहवेना.

"आई, मी फोनवर बोलले तवा खोटं हुतं गं. पट्टी आत्ता मिळाली."

आईनं पदर सारखा केला, खिडकीबाहेर बघितलं. "मी बी गावात सुपरवायझर म्हनून कुटं सांगितलंय?"

"मग?"

"म्यानेजर सांगितलंय."

आता मी शहरात रुळलेय. मजल्यावर दोन बायका नव्या आल्यात, एक गगनबावड्याची. तिलाही केर शेवटी काढायला शिकवते. रविवारी रंकाळ्यावर भेळ खाते, भात अजून आमच्याच तांदळाचा. घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी अजून वाडीचंच नाव सांगते. इथं एक पायरी चढायला मला चपलांचे तीन जोड झिजवावे लागले. वाडीनं मला मॅनेजरची खुर्ची केव्हाच देऊन टाकलीय, तिच्या जोरावर माझं लग्नही जमवायला घेतलंय. बेळगावच्या साहेबांना तेवढं अजून कळवलेलं नाही.