मावशींचा काढा

नव्या जालन्यात आमच्या शेजारी एक मावशी राहतात. रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरतात.

"पिऊन टाका ताई. आंगात ताकद न्हाई, म्हून बिमारी आली."

मला संधिवात आहे. डॉक्टरांनी समजावलेलं मी त्यांना कितीदा तरी सांगितलं, "मावशी, शरीराचे शिपाई माझ्याच सांध्यांवर तुटून पडलेत. त्यांना आवरणाऱ्या पेशी कमी पडतात. शिपायांची ताकद वाढवली तर मार मलाच बसणार!"

"बिलकुल बराबर," म्हणतात. दुसऱ्या दिवशी काढा आणखी कडू.

शिवाय घरी जाताना ओट्यावरच्या सगळ्या डब्यांची झाकणं सैल करून ठेवतात. साखरेला मुंग्या लागतात, पोहे सादळतात. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

परवा त्या लेकीकडे जाफराबादला गेल्या. सुटले बाई, म्हटलं. घर आवरताना मुलाने सगळे डबे घट्ट लावले आणि तो कामावर गेला. मी चहा ठेवला. साखरेचं झाकण सुजलेल्या बोटांना हललंसुद्धा नाही. चहा तसाच प्यायले, अगोड.

आज मावशी दारात उभ्या, हातात काढा.

"तो राहू द्या तिकडं," मी खेकसले, "आधी डबे उघडा!"