दारू आत, माणूस बाहेर

आमच्या घरात पलंगाखाली पर्चे, म्हणजे छापील पत्रकं, असायचे. तांदळाच्या डब्यामागे पर्चे, देवघराच्या वरच्या फळीवर पर्चे. वडील शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जग सुधारायचे. बालाजी घाटाजवळच्या गल्लीत घर. शेजारी पूजा सांगणारी मराठी घरं, आणि आमच्याकडे हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, गंगेत निर्माल्य टाकण्याविरुद्ध कागद. "अगं, सांभाळून घडी कर, शाई अजून गीली आहे," हे आमचं बनारसी मराठी. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. म्हणून माझी वाक्यं लहान असतात, आणि बरीच वर्षं मला वाटत होतं की लहान वाक्य हे खरं वाक्य असतं.

आता मी छावणीच्या बाजूला एका व्यसनमुक्ती केंद्रात काम करते. तसा रीतसर परवाना माझ्याकडे आहे, चौकटीत घालून भिंतीवर लावलेला. येणारे सगळे निवृत्त फौजी. पहिल्याच दिवशी एकाने चौकटीकडे बघून विचारलं होतं, "मॅडमजी, हे लायसन बंदुकीचं की दारूच्या ठेक्याचं?" बोलणं तिथे हिंदीत आणि भोजपुरीत चालतं. ते मी आपल्या भाषेत लिहिते आहे, जमत नाही तिथे तसंच ठेवते.

पहिल्या वर्षी मी घरी येऊन रडायचे. नंतर ते थांबलं. समोरचा माणूस सांगत असतो, बर्फातून नुसता हात वर दिसत होता, आणि माझ्या मनात येतं की पंखा कुरकुरतो आहे, तेल घालायला हवं. मी मान हलवते, योग्य ठिकाणी योग्य प्रश्न विचारते. काम बिघडत नाही. उलट सगळे म्हणतात, हल्ली मॅडम शांत झाल्या.

रागसुद्धा तसाच. बर्फातल्या चौकीवर माणूस तगावा म्हणून रम देतात, असं म्हणतात. माणूस घरी येतो, थंडी संपते, रम संपत नाही. कॅन्टीनच्या कार्डावर दर महिन्याला स्वस्तात मिळत राहते. हे वाक्य मी इतक्या सभांमध्ये बोलले आहे की आता ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं ऐकू येतं.

केंद्राच्या फाटकावरची पाटी मात्र माझी. मीच लिहिली, मीच रंगवून घेतली. "शराब अंदर, तो आदमी बाहर. कोई सुनवाई नहीं." दारू आत, तर माणूस बाहेर. वडिलांनी ती पाहिली तेव्हा इतकंच म्हणाले, "वाक्य चांगलं आहे." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

त्या पाटीपायी एक जण बाहेर गेला. सैन्यात ड्रायव्हर होता, वयाने सगळ्यांत लहान. बुटात दारूचा पाउच लपवून आणला होता. मी सुनावणी केली नाही. तो फाटकाबाहेर जाऊन थोडा वेळ फोनवर बोलण्याचं नाटक करत उभा राहिला, मग गेला. पुन्हा आला नाही.

हवालदारसाहेब त्याच्या आधीपासून यायचे. गाझीपूरकडचे, निवृत्तीनंतर बनारसमध्ये घर केलेले. डाव्या हाताची दोन बोटं बर्फाने नेली होती आणि उरलेल्यांना काही कळत नव्हतं. कढत चहाचा स्टीलचा ग्लास ते त्या हातात आरामात धरून बसायचे. त्यांची बायको पिण्याला कंटाळून भावाकडे बलियाला निघून गेली होती. केंद्रात नाव घातल्यावर परत आली, ती अट घालून. रोज सकाळी दारूची किळस राहावी म्हणून दिलेली गोळी ती स्वतः त्यांच्या तोंडात घालायची आणि जीभ बाहेर काढायला लावून बघायची. मला पहिल्याच भेटीत तिने सांगितलं, "यांचं नाव इथे आहे तोवर मी घरात. ज्या दिवशी नाव कटलं, त्या दिवशी मी बलियाला. पेटी भरूनच ठेवली आहे." पेटी म्हणजे हवालदारसाहेबांचीच काळी फौजी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचंच नाव.

तर त्या सकाळी हवालदारसाहेब नेहमीपेक्षा लवकर आले. कपाळावर शेंदूर, मनगटावर नवा काळा धागा. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, कापडी पिशवीतून रमची बाटली काढली आणि परवान्याच्या चौकटीखाली ठेवली. बाटलीचं सील फोडलेलं होतं. गळ्याला झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

"जमा करायची आहे," ते म्हणाले.

"तुम्ही प्यायलात?"

"नाही."

"मग ही कुणाची?"

"माझ्या बडीची."

बडी म्हणजे चौकीवरचा जोडीदार. फौजेत दोघादोघांची जोडी लावतात. त्यांचा बडी बर्फात गेला होता, हे मला त्यांच्या बायकोकडून माहीत होतं. हे माहीत नव्हतं की दर वर्षी त्या दिवशी हवालदारसाहेब त्याच्या नावाची एक बाटली आणायचे आणि एकट्याने संपवायचे. या वर्षी पिणं सुटलं. पण बाटली आणली नाही तर तो दिवस कसा पाळायचा, हे त्यांना सुचेना. मग त्यांना भैरव आठवला. काशीच्या भैरवाला दारू चढवतात. त्यांनी ठरवलं, बडीचा वाटा देवाला द्यायचा आणि मोकळं व्हायचं.

"मला वाटलं, सगळी चढवतात," ते म्हणाले.

बनारसमध्ये वाढलेल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं की पुजारी थोडी देवाच्या मुखी लावतो आणि बाकीची बाटली प्रसाद म्हणून भक्ताच्या हातात परत देतो.

"देवळाला परत कशी करणार? प्रसाद आहे. गटारात ओतणार नाही. रस्त्यावरच्या कुणा पिणाऱ्याला दिली तर त्याचं पाप मला. घरी नेली तर बायको..." ते थांबले. "तुम्ही जमा करून घ्या. रसीद द्या."

एव्हाना गटाचे बाकीचे लोक दारात जमले होते. त्यांच्यात एक निवृत्त नाईक होता, जिभेचा तिखट. ड्रायव्हरचा दोस्त. तो म्हणाला, "मॅडमजी, बाटली टेबलावर आहे. टेबल आत आहे ना?"

तो दारातून एक पाऊल आत आला.

"ड्रायव्हरने बुटात आणली होती, यांनी देवळातून आणली. पाटीवर देवळाचं काही लिहिलेलं नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता. माझ्या वडिलांच्या सगळ्या पर्च्यांमध्ये हेच होतं की नियम मोठ्याला एक आणि लहानाला एक असू नये. मी हवालदारसाहेबांकडे पाहिलं. नाव काटलं तर संध्याकाळपर्यंत ट्रंक रिक्षात असेल, हे मला दिसत होतं. दिसत होतं, पण मनाला लागत नव्हतं.

"हवालदारसाहेब," मी म्हटलं, "बाहेर जा."

त्यांनी टाचा जुळवल्या. "जी." बाटली उचलली, पिशवीत न घालता हातात धरली आणि फाटकाबाहेर गेले.

मी गटाची बैठक सुरू केली. त्या दिवशीचा विषय होता, राग आला की काय करायचं. कुणी ऐकत नव्हतं. सगळे खिडकीतून बाहेर बघत होते. हवालदारसाहेब पाटीच्या शेजारी उन्हात ताठ उभे होते, बाटली छातीशी धरून.

"ते घरी का जात नाहीत?" मी विचारलं.

माझ्या अज्ञानाची कीव आल्यासारखं नाईकाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडमजी, ड्यूटीवरून आलं की हत्यार कोतात जमा करायचं असतं. शस्त्रागारात. जमा केल्याशिवाय जेवण नाही, झोप नाही. कोत बंद असेल तर फौजी हत्यार घेऊन दाराशी उभा राहतो. रात्रभर राहील. कुठे जाणार?"

हे तो मगाचच्या आवाजात बोलला नाही.

मी बाहेर गेले. जवळ गेल्यावर वास आला. उन्हाने बाटली तापली होती आणि झाकण नीट बसलेलं नव्हतं. त्यांचं कपाळ घामाने भिजून शेंदूर नाकावर उतरला होता. बाटली उजव्या हातात होती, ज्या हाताला सगळं कळतं.

"अजून थोडा वेळ उभा राहू शकतो," ते समोर बघत म्हणाले. "जास्त नाही."

त्यांनी कधी मदत मागितली नव्हती. गटात ते नेहमी 'सब ठीक' म्हणायचे. मी हात पुढे केला. त्यांनी बाटली दिली नाही.

"रसीद."

माझ्या पिशवीत माझेच पर्चे होते, येत्या सभेचे. एकाच्या पाठीवर लिहिलं: हवालदारसाहेबांकडून रमची एक बाटली जमा. सही केली.

त्यांनी वाचलं. "उघडलेली, असं लिहा."

लिहिलं.

"किती भरलेली? नंतर कुणी म्हणायला नको की मी मधे कमी केली."

मी वाकून त्यांच्या हातातली बाटली उन्हात पाहिली. "पाऊण."

"पाऊण लिहा."

मग त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. मोकळा हात त्यांनी शर्टाला पुसला. मी बाटली घेऊन फाटकातून आत गेले. सगळ्यांच्या देखत गेले, कारण दुसरा रस्ता नव्हता. लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं.

नाईक दारात उभा होता. "आता आत कुणी आणली?"

"मी."

"मग?"

"मग काय? सुनावणी नाही." मी चपला घातल्या, परत फाटकाबाहेर गेले आणि हवालदारसाहेबांच्या शेजारी उभी राहिले. विचार करून केलं असं नाही. पाटी माझी होती. ती पाळण्यापलीकडे दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग आतून प्लास्टिकची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पहिला बाहेर आला तो नाईक, दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन. "बैठक अर्धी राहिली आहे," तो म्हणाला. "राग आला की काय करायचं, ते सांगत होतात." त्याच्यामागून बाकीचे आले, आपापली खुर्ची घेऊन. फाटकाबाहेरच्या निंबाखाली आम्ही गोल करून बसलो. आत बाटली एकटी, बाहेर सगळी माणसं. जाणाऱ्या एका ऑटोवाल्याने वेग कमी करून मतदान चाललंय का ते विचारलं, "का गुरु, भोट पड़त हौ का?"

"हाँ," नाईक ओरडला, "तोहार जमानत जब्त हौ!" म्हणजे, तुझं डिपॉझिट गेलं.

त्या गोलात हवालदारसाहेब पहिल्यांदा बडीबद्दल बोलले. बडी कंठीवाला होता, गळ्यात तुळशीची माळ, दारूला शिवायचा नाही. आपल्या वाट्याची रम यांना द्यायचा आणि यांच्या वाट्याचं चॉकलेट घ्यायचा. "तो गेल्यावर त्याच्या वाट्याचीही मीच पीत राहिलो," ते म्हणाले. "सवय होती."

नाईक खुर्चीत पुढे झाला. "थांबा, थांबा. माळकरी माणसाच्या नावाने तुम्ही भैरवाला रम चढवलीत? अरे, तो वर बसून शिव्या देत असेल! पुढच्या साली चॉकलेट चढवा."

हवालदारसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते हसले. दात दिसेपर्यंत हसले. मी ते बघत होते आणि मला कळत होतं की हा महत्त्वाचा क्षण आहे. तोंडावर ऊन येत होतं. मी खुर्ची सरकवली नाही.

बैठक संपल्यावर मी नाईकाकडे ड्रायव्हरचा नंबर मागितला. त्याने बराच वेळ फोन चाचपला. बहुतेक नंबर त्याला पाठ होता. "उचलणार नाही तो," म्हणाला, आणि दिला. मी तिथेच उभी राहून लावला. घंटी पूर्ण वाजली आणि बंद झाली. परत लावला.

तेवढ्यात हवालदारसाहेबांची बायको त्यांना न्यायला आली. रस्त्यावर मांडलेल्या खुर्च्या पाहून दूरच थबकली. मग सरळ नवऱ्याच्या समोर आली, नाक पुढे करून वास घेतला. त्यांच्या कपड्यांना तापलेल्या रमचा वास होताच.

"प्यायलात."

"नाही."

"नाव कटलं?"

हवालदारसाहेबांनी खिशातून रसीद काढून दिली. तिला वाचता येत होतं, सावकाश. ओठ हलवत तिने सगळं वाचलं. पाऊणवर बोट ठेवून माझ्याकडे वळली.

"पाऊण कशी? पाव कुणी प्यायली?"

"भैरवाने," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग गोल करून बसलेल्या सगळ्या पुरुषांकडे. कुणी हललं नाही.

"नाव आहे," मी म्हटलं. "कटलं असेल तर माझं."

तिने रसीदेची बारीक घडी केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. पदराच्या दुसऱ्या टोकाने नवऱ्याच्या नाकावरचा शेंदूर पुसला, जरा जोरातच.

"चला," ती त्यांना म्हणाली. "ट्रंकेवर मी वाळवणं घातली आहेत, ऊन गेलं की सादळतील."

ते दोघे रिक्षा थांब्याकडे गेले, ती पुढे आणि ते मागे. नाईक खुर्च्या एकात एक घालू लागला. मी कपाटाची किल्ली मुठीत धरून फाटकाबाहेरच उभी होते. आत जायला मला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"या आता, मॅडमजी," तो म्हणाला. "आणि ती बाटली नळाखाली मी ओततो. प्रसादाचं काय ते मी भैरवाशी बघून घेईन."