सिम्युलेटरचा नववा दिवस

ज्या बाईचं मनगट मी मोडलं, तिच्याबरोबर मी सहा वर्षं ओतूरच्या शाळेत चालत गेले होते. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं सांगताना मी स्वतःला सांभाळून घेणार नाही.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तेव्हा माझी पीएचडी शेवटच्या टप्प्यात होती. आमचं घर ओतूरबाहेर मढ गावाच्या रस्त्याला, मळ्यात. घरात मोठा भाऊ, वहिनी आणि मी. भाऊ शेती बघतो. बांधाला बांध लागून माझ्या त्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं शेत. ती गावातलीच मुलगी, बारावी झाल्यावर गावातच दिली. दोन्ही घरांना लाइट एकाच डीपीवरून, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवरून येते.

माझं काम लोकांना समजावणं अवघड होतं. जो प्रोसेसर अजून कुठल्याच कारखान्यात तयार झालेला नाही, तो सिम्युलेटर नावाच्या प्रोग्रॅममध्ये हुबेहूब उभा करायचा. त्यात मी एक बदल केला होता. प्रोसेसरच्या पोटात एक छोटी मेमरी असते, ती भरण्याची माझी रीत वेगळी होती. ती फायद्याची की तोट्याची, हे बघायला त्या नसलेल्या प्रोसेसरवर परीक्षेचे ठरावीक प्रोग्रॅम चालवायचे. त्यांना बेंचमार्क म्हणतात. एक फाइल दाबून लहान करणारा, एक बुद्धिबळाच्या चाली शोधणारा, एक हवामानाची गणितं करणारा, असे सहा. साध्या कॉम्प्युटरवर यातला एकेक काही मिनिटांत संपतो. सिम्युलेटरला मात्र प्रोसेसरचा प्रत्येक ठोका स्वतः मोजत पुढं जावं लागतं. सहाही एकदम लावले की अकरा दिवस.

या अकरा दिवसांत सिम्युलेटर चालवणारं कॉम्प्युटरचं मशीन एकदाही बंद पडून चालत नव्हतं. काम मधे थांबवून जपून ठेवायची सोय होती, पण तसं केलं की ती छोटी मेमरी रिकामी व्हायची, आणि मला मोजायचं होतं तेच नेमकं तिच्यात होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये शिपाई पाच वाजता मेन स्विच पाडायचा. म्हणून मी मशीन घरी आणलं. भावानं ते स्वतः उचलून माडीवर नेलं, दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर जोडला आणि म्हणाला, "लाइट गेली तर चार तास निघतील. त्याच्या पुढं मी हाय ना."

पहिल्या वेळी सातव्या दिवशी लाइट गेली आणि चार तासांत आली नाही. वायरमन फोन उचलेना. मी डीपीकडं चालत गेले, तर शेजारी, म्हणजे मैत्रिणीचा नवरा, तिथं उकिडवा बसलेला. फ्यूज त्यानंच काढून खिशात घातला होता.

"माझी मोटर जळाली," तो म्हणाला. "तुझ्या त्या मशीनमुळं व्होल्टेज पडतंय. रातदिस घुं घुं चालू असतंय. टीव्हीवर दाखवलंय, कॉम्प्युटरवर पैसं बनवायची मशीन अशीच असत्यात."

मी म्हटलं, "अहो, ते वहिनीच्या मिक्सरपेक्षा कमी लाइट खातं."

"मिक्सर काय अकरा दिस चालतो व्हय?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. ते मी देणार तोवर मागून भाऊ आला. तो काही विचारत बसला नाही. त्यानं शेजाऱ्याची मान धरली आणि तोंड डीपीच्या लोखंडी खांबावर आपटलं. एकदा, मग परत एकदा. ओठ फाटून रक्त शर्टावर आलं. भावानं त्याच्या खिशातून फ्यूज काढला, जागेवर बसवला आणि मला म्हणाला, "जा, लाव परत."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्याचं रक्त बघून मला वाटलं, आता पुन्हा फ्यूजला हात लावणार नाही. घरी येऊन पाहिलं तर मशीन केव्हाच बंद पडलं होतं. सात दिवसांचं काम गेलं होतं. मी पहिल्यापासून सुरू केलं.

त्यानंतर शेजाऱ्याच्या घरावरून जाताना आमच्या अंगावर कुत्रा सोडायला लागले. आमच्या ठिबकच्या नळ्या कुणीतरी विळ्यानं हात हात लांबीवर कापल्या. भावानं त्याच संध्याकाळी त्यांच्या कडब्याच्या गंजीला लाथा घालून ती ओढ्यात ढकलली. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, तुमचं ते कवा संपणार?" मी म्हटलं, अजून आठ दिवस.

या दुसऱ्या खेपेच्या चौथ्या दिवशी मैत्रीण रस्त्यात भेटली. डोक्यावर घासाचा भारा. तिनं तो खाली टाकला आणि सरळ विचारलं, "तू त्या खोलीत काय करतीस गं? ह्यांच्या ओठाला तीन टाके पडलं. मला खरं सांग, मी त्यांना सांगते समजावून."

दहावीत गणिताला ती माझ्या पुढं होती. पाच मिनिटं दिली असती तर तिला कळलं असतं. पण मी कॉलेजातून दमून आले होते, कुत्र्यानं ओढणी फाडली होती, आणि मी म्हणाले, "तुला नाही कळायचं ते."

 मग तिनं भारा स्वतःच उचलला. एरवी आम्ही एकमेकींना हात लावून डोक्यावर चढवून द्यायचो.

नवव्या दिवशी शनिवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी माडीवर होते. पडद्यावर आकडे सरकत होते आणि सहापैकी दोन प्रोग्रॅम संपले होते. खाली अंगणात आधी शिव्या ऐकू आल्या, मग बादली आपटल्याचा आवाज. खिडकीतून पाहिलं, तर शेजारी आणि त्याचा भाऊ अंगणात शिरले होते. शेजाऱ्याच्या हातात कोयता, त्याच्या भावाच्या हातात टिकावाचा दांडा. त्यांची दुसरी मोटर जळाली होती. पहिलीचं वायंडिंग नव्यानं भरून आणून तीन दिवसही झाले नव्हते.

"वायर तोडायला आलोय," शेजारी ओरडला. "मधी आलास तर तुला तोडीन."

माझा भाऊ मधे आला. त्यानं पाण्याची भरलेली घागर शेजाऱ्याच्या छातीवर घातली. कोयता उडून तुळशीपाशी पडला. दोघं एकमेकांना धरून मातीत लोळले. भाऊ त्याच्या छातीवर बसला, त्यानं शेजाऱ्याच्या तोंडावर गुद्दे घालायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात मागून दांडा त्याच्या कानावर बसला. आवाज माडीवर आला. भाऊ कुशीवर कलंडला. दांडा पुन्हा वर गेला, पाठीवर आला. पुन्हा वर गेला.

"ताई!" वहिनी किंचाळली. "ताई, खाली या! ह्यांना मारत्यात!"

माडीच्या दाराशी पहार होती, द्राक्षबागेच्या लोखंडी अँगलसाठी खड्डे घ्यायला वापरतो ती. मी ती उचलली. खाली जायला जिन्याच्या सात पायऱ्या होत्या. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि खालून माझी मैत्रीण वर येताना दिसली. तिच्या हातात काही नव्हतं. तिनं मला बघितलं, बाजूला ढकललं आणि ती खोलीत घुसली. भिंतीजवळ वाकून तिनं मशीनच्या पिनेला हात घातला.

मी पहार मारली. धमकावण्यासाठी वगैरे नाही, मारायलाच मारली. ती तिच्या उजव्या मनगटावर बसली. वाळलेली शेंग मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडली नाही. आधी तिनं हाताकडं पाहिलं. हात भलत्याच ठिकाणी वाकला होता. मी दुसरा घाव खांद्यावर घातला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. पहार मी तिसऱ्यांदा डोक्याच्या वर उचलली होती. ती म्हणाली, "नको गं." अगदी हळू. तेव्हा मी थांबले.

खाली वहिनीचं ओरडणं थांबलं होतं. ती स्वयंपाकघरात पळाली होती आणि मिरचीच्या पुडीचा डबा घेऊन बाहेर आली होती. तिनं मूठ भरून पूड दांडेवाल्याच्या डोळ्यांत मारली, दुसरी मूठ शेजाऱ्याच्या. मग तुळशीपाशी पडलेला कोयता उचलून ती नवऱ्यापुढं उभी राहिली. तोवर रस्त्यावरची माणसं आली आणि त्यांनी सगळ्यांना सोडवलं. आमच्या घरातलं त्या दिवशीचं धाडस तिचं. मी माडीवर पहार धरून मशीनपाशी उभी होते.

आणि खाली जायच्या आधी मी काय केलं, तेही सांगते. मी पडद्याकडं पाहिलं. आकडे सरकत होते. पिन हलली होती, निघाली नव्हती. मी वाकून ती अंगठ्यानं घट्ट बसवली. मैत्रीण तिथंच बसून होती. मांडीवरचा हात दुसऱ्या हातानं धरून ती माझा अंगठा बघत होती.

सरकारी दवाखान्यात दोन्ही घरं एकाच बाकावर बसली, कारण दुसरा बाक नव्हता. भावाच्या कानातून रक्त गळत होतं. शेजाऱ्याचे डोळे सुजून मिटले होते आणि तो ओल्या फडक्याखाली कण्हत होता. मैत्रिणीला प्लास्टर घालायला आत नेलं तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली. त्या आवाजानं वहिनी उठून बाहेर गेली. मी बसून राहिले. उघड्या दारातून मला आतलं दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कशानं लागलं?" मैत्रीण म्हणाली, "जिन्यावरनं पडले." त्यांनी खांद्यावरचा वळ पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि कागदावर काहीतरी वेगळं लिहिलं.

चौकीत दोन्हीकडच्या तक्रारी झाल्या. हवालदार म्हणाला, "चार माणसं बसून मिटवणार असाल तर आत्ताच मिटवा. नायतर तारखांना फिरून तुमची शेतं पडीक पडतील." गावातल्या माणसांनी मध्यस्थी केली आणि दोन्ही तक्रारी मागं घेतल्या गेल्या.

अकराव्या दिवशी सिम्युलेटरचं काम पूर्ण झालं. सहापैकी चार प्रोग्रॅम माझ्या बदलामुळं थोडे लवकर संपले, एकाला फरक पडला नाही, आणि बुद्धिबळाचा उलट हळू चालला. गाईडना फोन केला. ते खूष झाले. म्हणाले, "हळू चाललेल्याचंही कारण लिहा, प्रबंधाला वजन येईल." मी हो म्हटलं. गावातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच एका मळ्यातली मोटर जळाली, तेव्हा वायरमन शेवटी आला. त्यानं डीपी उघडून पाहिली आणि खाली उतरून सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्यातलं तेल चोरीला गेलंय. निम्म्याच्या वर न्हाई. आतली कॉइल तापून गेलीया, व्होल्टेज कसं टिकंल?" चोर कोण ते आजही माहीत नाही. डीपीखाली आम्ही दोन्ही घरची माणसं उभी होतो. शेजाऱ्यानं फाटलेल्या ओठावरून जीभ फिरवली. माझ्या भावानं वायरमनचं बोलणं ऐकायला मान वळवून चांगला कान त्याच्याकडं केला होता. दुसऱ्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही.

कोणी कोणाची माफी मागितली नाही.

बऱ्याच दिवसांनी, जेवून हात धुताना, भावानं मला विचारलं, "मी खाली पडलो व्हतो तवा तुला वरनं दिसत व्हतो का?"

"हो," मी म्हणाले.

"दांडा दिसत व्हता?"

"हो."

त्यानं हात पुसले. "बरं," म्हणाला आणि गोठ्याकडं गेला. त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं कमी केलं असं नाही. पण माडीवर तो परत कधी चढला नाही.

कांदा काढणीला आला तेव्हा मैत्रिणीचं प्लास्टर निघालं होतं, पण मूठ वळत नव्हती. मूठ वळल्याशिवाय कांदा उपटत नाही. एका रविवारी सकाळी मी जुने कपडे घातले, विळा घेतला आणि बांध ओलांडला. शेजाऱ्यानं मला पाहून ढेकूळ उचललं आणि मारलं. ते माझ्या पोटरीवर बसलं. "हितनं चालती हो," तो ओरडला, "न्हाईतर तुझा बी हात मोडीन."

मैत्रीण वाफ्यात बसून डाव्या हातानं पात ओढत होती. तिनं मान वर न करता नवऱ्याला म्हटलं, "राहू द्या. माणसं मिळंनात."

मी तिच्या शेजारची ओळ धरली. कांदे उपटून एका बाजूला टाकत गेले. तिच्या ओळीतले राहिलेलेही उपटले. ती डाव्या हातात विळा धरून पात कापत होती आणि तो हात सारखा चुकत होता. एकदा विळा बोटाला लागला. मी पुढं झाले, तर तिनं बोट तोंडात घातलं आणि पाठ फिरवली.

दुपारी ती भाकरी खायला आंब्याखाली गेली. मला बोलावलं नाही. मी वाफ्यातच बसले, बाटलीतलं पाणी प्यायले आणि राहिलेली ओळ पूर्ण केली. संध्याकाळी घरी निघताना तिनं मला हाक मारली. मी वळले.

"उद्या कॉलेज हाय का तुला?"

"आहे."

"मग पुढच्या रविवारी खालच्या वाफ्याकडनं धर," ती म्हणाली, आणि पाटीतले कांदे ढिगावर ओतायला लागली.