लाल दोऱ्याची गुंडाळी

मामांनी चाळीस वर्षे लाकडात अक्षरे कोरली; परंतु वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांना त्यांतील एकही अक्षर वाचता येत नव्हते. गिऱ्हाईक कागदावर नाव काढून देई. मामा ते फळीवर उतरवून घेत आणि पटाशीने असे कोरत, की डोळे मिटून बोट फिरवणाऱ्यालाही ते नाव कळावे. वकिलाच्या दारावरची पाटी त्यांच्या हातची, दवाखान्याची त्यांच्या हातची आणि शाळेचीही. त्या शाळेत मात्र ते केवळ ती पाटी बसवण्यापुरतेच गेले होते.

सख्खे मामा ते एकाचेच, बहिणीच्या मुलाचे. परंतु सारी गल्ली त्यांना मामा म्हणे. भाच्याचे दोन-तीन ठिकाणी नोकरीत बस्तान बसले नाही, तेव्हा बहिणीने त्याला भावाच्या पदरात टाकले. मामांनी त्याला प्रथम वर्षभर फक्त धार लावायला बसवले. पुढे दोघे मिळून गावोगावच्या शाळांत कोरीवकामाच्या कार्यशाळा घेऊ लागले. पत्रे, फोन आणि तिकिटे भाच्याकडे, शिकवणे मामांकडे.

“कागद तुझे, लाकूड माझे,” असे मामा म्हणत. त्यात त्यांना काही चूक वाटत नव्हती.

त्या वर्षी एका दूरच्या शाळेचे बोलावणे आले. चार दिवस, तीस विद्यार्थी, आणि जायचे विमानाने. मामा विमानात कधीच बसले नव्हते. निघण्यापूर्वी तीन दिवस ते पाणदगडापुढून उठले नाहीत. चौदा पटाश्या स्वतःच्या आणि चौदा भाच्याच्या, अशा अठ्ठावीस धारा त्यांनी लावल्या व प्रत्येक धारेवर रबरी नळीचा तुकडा कापून टोपीसारखा बसवला. बहिणीने जाड कापडाच्या दोन गुंडाळ्या शिवल्या. मामांच्या गुंडाळीला लाल दोरा, भाच्याच्या गुंडाळीला निळा.

“दादा, विमानात खिडकी उघडू नकोस हं,” बहीण म्हणाली.

“तुझ्या पोराला सांग. तोच खिडकीपाशी बसणार आहे.”

आणखी एक गोष्ट मामांनी जपून ठेवली होती. आठ महिन्यांपासून ते संध्याकाळी प्रौढांच्या वर्गाला जात होते. भाच्याला ते “पाय मोकळे करून येतो” एवढेच सांगत. कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी तीसच्या तीस विद्यार्थ्यांची नावे फळ्यावर स्वतः लिहायची आणि भाच्याला चकित करायचे, असा त्यांचा बेत होता. ते फक्त बहिणीला ठाऊक होते.

विमानतळावर सामान देण्याच्या रांगेत भाच्याने मोठी बॅग वजनकाट्यावर ठेवली आणि लगेच उचलून घेतली.

“वजन जास्त भरतंय, मामा. एक गुंडाळी तुमच्या हातातल्या पिशवीत टाकू या.”

त्याने बॅग उघडली. दोन्ही गुंडाळ्या वरच होत्या. त्याने एक उचलली, तिचा दोरा पाहिला, ती परत ठेवली आणि दुसरी काढली. ती लाल दोऱ्याची होती.

“पण तिथं पाटीवर धारदार वस्तू...” मामांच्या तोंडून निघाले. भिंतीवरची पाटी ते मघापासून मनातल्या मनात अक्षरे जुळवून वाचत होते. तेथे कात्रीचे चित्रही होते, त्यामुळे भाच्याला त्या बोलण्याचे नवल वाटले नाही.

“ते इतरांसाठी. तुम्ही शिकवणारे आहात. हे शाळेचं पत्र घ्या, शिक्का आहे त्यावर. कोणी अडवलं तर नुसतं पुढं करायचं.”

मामांनी पत्र खिशात ठेवले. पाटीवर नियम लिहिलेला होता, परंतु पाटीपेक्षा त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसावर विश्वास ठेवला. आपण ज्याला धार लावायला शिकवले, तो धारेबाबत आपल्याशी खोटे बोलेल, असे त्यांच्या ध्यानीमनीही आले नाही.

तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी थांबली. भाचा पुढे निघून गेला होता. तपासणीवरच्या बाईंनी गुंडाळी मेजावर उलगडली आणि एकेक टोपी काढत चौदाही धारा उघड्या केल्या.

“बाबा, हे काय? दुकान मांडायचंय का आत?”

मामांनी पत्र पुढे केले. बाईंनी त्यावर नजर फिरवली आणि त्यांचा आवाज उतरला.

“अहो, यातच लिहिलंय, की हत्यारं मोठ्या सामानातच द्यावीत म्हणून. कोणी दिलं तुम्हाला हे?”

“भाच्यानं.”

“सामानाचं काउंटर बंद झालं आता. हे इथं सोडून विमानात बसा, नाहीतर घेऊन बाहेर जा. दोन्ही नाही व्हायचं.”

मामांनी पत्र परत घेतले. त्याला दुसरेही पान होते. त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि कोरताना फिरवत तसे एकेका अक्षरावरून फिरवले. ‘वयामुळे मामांचा हात आता कापतो, असे आपण कळवलेत. त्यानुसार शिकवण्याचे काम आपण एकट्याने करावे. मामांना पाहुणे म्हणून पुढच्या रांगेत बसवू.’

त्यांनी ते दोनदा वाचले. आठ महिन्यांच्या वर्गात इतके लांब वाचन त्यांनी कधी केले नव्हते.

एवढ्यात भाचा लगबगीने मागे आला. “मामा, चला ना! राहू द्या ती हत्यारं इथंच. माझी आहेत की. तुम्ही नुसतं बसायचं, मी सगळं बघतो.”

मामांनी पान त्याच्यापुढे धरले. “ही ओळ वाच.”

“आता कशाला...”

“हात आता कापतो. मी वाचली. तू कधी पाहिलास रे माझा हात कापताना?”

भाचा पत्राकडे पाहत राहिला, मग मामांच्या तोंडाकडे. “तुम्हाला... कधीपासून?”

“ते सोड. मला तोंडावर म्हणायचंस, की मामा, आता एकट्याला जाऊ द्या. मी तुझ्या हत्यारांना दुप्पट निगुतीनं धार लावून दिली असती.”

“तुम्ही असलात की मला कोणी विचारत नाही, मामा,” भाचा खाली पाहत म्हणाला. “सगळे तुमच्याकडंच बघतात.”

“मग माझी धार काढून घेतलीस?”

विमानाची शेवटची हाक झाली. भाचा क्षणभर थांबला आणि गेला. मोठ्या बॅगेतली निळ्या दोऱ्याची गुंडाळी केव्हाच विमानात चढली होती. तिच्यातल्या चौदाही धारा मामांच्या हातच्या होत्या.

“सावकाश बांधा, बाबा,” बाई म्हणाल्या.

मामा टोप्या परत बसवू लागले. पहिल्या पाच-सहा बसल्या. सातवी मात्र बसेना. नळीचे तोंड धारेसमोर धरावे आणि ते हलावे. त्यांनी मनगट मेजाला टेकवले, तरीही ते थांबेना. त्यांचा हात खरोखरच कापत होता. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला, तेव्हा बाईंनी गुंडाळी आपल्याकडे ओढली आणि उरलेल्या टोप्या स्वतः बसवल्या.

दुपारी मामा बसने घरी पोहोचले. बहीण दारात आली. तिने गुंडाळीचा लाल दोरा पाहिला, मग अंगठ्याला बांधलेली चिंधी.

“अगं बाई! विमान चुकलं? आणि पोरगा?”

मामांनी गुंडाळी खुंटीला अडकवली. ती तिने शिवली होती आणि तिच्या पोराने दोरा पाहून बाजूला काढली होती. तिला हे सांगायचे कसे?

“तो गेला,” ते म्हणाले. “वजन जास्त भरलं. एकालाच जाता आलं.”